नापण्याचा धबधबा मे महिन्यातही वाहता राहावा म्हणून: सिंधुदुर्ग जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सिंधुदुर्ग

सप्रेम नमस्कार.

वैभववाडी तालुक्यातील नापणे येथील धबधब्यावर बांधलेला काचेचा पूल जुलै २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला, राज्यातला अशा प्रकारचा पहिला पूल म्हणून त्याची चर्चा झाली, आणि आजवर ज्यांना हा धबधबा ठाऊक नव्हता अशी माणसेही तो पाहायला येऊ लागली. तालुक्याला याचा आनंद आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तरी त्या घोषणेचा लाभ मुख्यतः मालवण, तारकर्ली, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीला मिळत राहिला. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तालुक्यातून पर्यटकांच्या गाड्या समुद्राकडे जाताना आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. आता त्यांतल्या काही वळून नापण्याकडे येत असतील, तर त्याला कोणी नाके मुरडण्याचे कारण नाही. हे पत्र पुलाच्या विरोधात नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे एखाद्या कामाविषयी प्रश्न विचारला की विचारणाऱ्याची जमा लगेच विरोधकांत होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की पुलासाठी जेवढी तत्परता दाखवली गेली, तेवढी त्या पुलाखालून वाहणाऱ्या पाण्यासाठी अद्याप दाखवली गेलेली नाही. आणि नापण्याच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न हा इतर कोणत्याही धबधब्याच्या प्रश्नासारखा नाही.

समितीतील ज्या सदस्यांनी नापणे केवळ उद्घाटनाच्या छायाचित्रांत पाहिले असेल, त्यांनी एकदा एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे यावे, अशी माझी पहिली विनंती आहे. पावसाळ्यात कोकणातला प्रत्येक कडा वाहतो. आंबोलीचा मुख्य धबधबा, कणकवली तालुक्यातला सावडाव आणि करूळ व भुईबावडा घाटांतले असंख्य लहानमोठे प्रवाह पाहून डोळे निवतात. नापण्याचे वेगळेपण पावसाळ्यात समजत नाही, ते उन्हाळ्यात समजते. गाडी ठेवून खाली उतरू लागले की चालणे मोजक्या मिनिटांचेच आहे, पण त्या मिनिटांत ऊन मागे पडते, झाडी दाट होते, हवेतला ओलावा अंगाला जाणवू लागतो आणि पाणी दिसण्याच्या आधी त्याचा आवाज येतो. आसपासच्या गावांतले वहाळ कोरडे पडून त्यांच्या पात्रांतले धोंडे उघडे झालेले असतात, विहिरींना तळ लागलेला असतो, आणि इथे मात्र कातळावरून पांढरे पाणी खालच्या कोंडीत, म्हणजे डोहात, कोसळत असते. धबधबा फार उंच नाही. उंचीची स्पर्धा लावली तर तो सह्याद्रीतल्या कित्येक धबधब्यांच्या मागे राहील. वयस्कर माणूस काठी टेकत सावकाश उतरून जाऊ शकेल आणि लहान मुलाला कडेवर घेऊन आई पाण्यापर्यंत पोहोचू शकेल असा, आणि तोही ऐन उन्हाळ्यात वाहणारा धबधबा या किनारी जिल्ह्यात शोधून सापडणे कठीण. मेमध्ये गावी आलेले मुंबईकर चाकरमानी पाहुण्यांना हौसेने नापण्यालाच का आणतात, याचे कारण हेच आहे.

हे पाणी बारा महिने येते कुठून, याचे उत्तर धबधब्यापाशी उभे राहून मिळत नाही. ते वरच्या अंगाला नाधवड्यात आहे. नाधवड्याला महादेवाच्या देवळाजवळ जमिनीतून उसळून येणारे पाणी आहे, ज्याला आम्ही उमाळा म्हणतो. पाऊस थांबून कितीही महिने झाले तरी तो वाहत राहतो, आणि त्याच पाण्यावर नापण्याचा धबधबा उन्हाळा काढतो. पुढे हे पाणी सुखनदीच्या खोऱ्यातून खारेपाटणच्या खाडीला आणि शेवटी विजयदुर्गापाशी समुद्राला मिळते.

कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची टंचाई का होते, हे समितीला मी सांगावे असे नाही, कारण दर वर्षी टंचाई आराखडा आपल्याकडेच येतो. डोंगराचा उतार तीव्र, समुद्र जवळ, आणि जांभा दगड असा की पाणी त्यात झटकन मुरते आणि झटकन बाहेरही पडते. त्यामुळे चार महिन्यांत आलेले पाणी फार काळ धरून ठेवणारी जागा आपल्या भूमीत दुर्मीळ आहे. उमाळा याचा अर्थ असा की नाधवड्याच्या परिसरात भूगर्भाची रचना काही कारणाने वेगळी आहे. कुठेतरी पावसाचे पाणी खोलवर उतरते, खडकांच्या भेगांतून हळूहळू सरकते आणि एका विशिष्ट ठिकाणी वर येते. जिथे ते उतरते ती जागा देवळाच्या आवारातच असेल, किंबहुना नाधवडे गावाच्या हद्दीतच असेल, असे गृहीत धरता येत नाही. झऱ्याचे पाणलोट क्षेत्र डोळ्यांना दिसणाऱ्या उतारावरून ठरत नाही, ते खडकांच्या थरांचा कल आणि भेगांची दिशा यांवरून ठरते, आणि ते शोधण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. हा शोध पद्धतशीरपणे घेऊन त्याचा नकाशा लोकांसमोर ठेवला जाणे ही या पत्रातली मुख्य मागणी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा शासनाचीच आहे, आणि झऱ्यांच्या अभ्यासात अनेक वर्षे काम केलेली पुण्यातील ॲक्वाडॅमसारखी संस्थाही राज्यातच आहे.

ही निकड आताच का वाटते, तेही सांगतो. ठिकाण प्रसिद्ध झाले की पहिला परिणाम जमिनीवर होतो. रस्त्याकडेच्या जमिनींचे भाव वाढतात, बाहेरचा खरेदीदार येतो, झाडे तोडून डोंगराला पायऱ्या पाडल्या जातात, न्याहारी-निवासाच्या व्यवस्था उभ्या राहतात आणि त्या प्रत्येकाला पाणी लागते. विहिरीने भागले नाही तर कूपनलिका येते. ही कूपनलिका उमाळ्याला पाणी पुरवणाऱ्या भेगेवरच गेली, तर तिचा मालक आपल्या जागेत, आपल्या पैशाने, त्याच्या दृष्टीने पूर्णपणे वैध काम करत असेल, आणि तरीही धबधबा दुबळा होईल. हीच गोष्ट चिऱ्याच्या खाणींची आणि दगडासाठी लावल्या जाणाऱ्या सुरुंगांची. उद्या असे काही त्या क्षेत्रात सुरू झाले आणि गावकऱ्यांनी आक्षेप घेतला, तर त्यांच्या हातात दाखवायला काय असेल? ज्या क्षेत्राची सीमा कोणी आखलेलीच नाही, त्याचे संरक्षण मागणार तरी कसे?

झरा एका दिवसात आटत नाही. तो वर्षाला थोडा थोडा क्षीण होत जातो आणि माणसे म्हणतात की यंदा पाऊस कमी झाला, गेल्या वर्षी उन्हाळा कडक होता, पूर्वी आपण लहान होतो म्हणून पाणी जास्त वाटत असे. अशा बोलण्याला आळा घालण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मोजणी. उमाळ्याच्या प्रवाहावर इंग्रजी V आकाराची काटकोनी खाच असलेला एक छोटा बांध घालून खाचेच्या तळटोकापासून पाण्याची उंची पट्टीवर रोज वाचावी, एवढे साधे ते काम आहे. अशा खाचेतून पाणी १० सेंटिमीटर उंचीने वाहत असेल, तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर असतो. उंची २० सेंटिमीटर झाली, तर तो दुप्पट न होता जवळजवळ २५ लिटरवर जातो. म्हणजे पट्टीवर क्षुल्लक वाटणारी घट प्रत्यक्षात मोठी असू शकते, आणि नुसत्या डोळ्यांना ती पुष्कळ उशिरा कळते. प्रवाह मोठा असेल तर खाच आयताकृती करता येईल, तो तपशील अभियंत्यांनी ठरवावा. पट्टी वाचायला शाळेतली मुलेसुद्धा पुरेशी आहेत, आणि नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवता येईल. पुलावर झालेल्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च इतका किरकोळ आहे की कदाचित त्यामुळेच तो आजवर कोणाच्या आराखड्यात बसला नसावा.

झरा, त्याच्याशेजारचे देऊळ आणि त्याला कायद्याचे संरक्षण, हा मार्ग आपल्या जिल्ह्याला नवा नाही. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात, माशाची एक नवी जात सापडली. २०२० मध्ये तिचे वर्णन ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. हे क्षेत्र लहान आहे, तिथे पूजाअर्चा थांबलेली नाही, लोकांचे येणेजाणेही बंद झालेले नाही. मात्र त्या जागेला एक नोंद मिळाली आणि तिथे काहीही करण्यापूर्वी कोणाला तरी विचारावे लागते. नाधवड्याच्या उमाळ्यात आणि नापण्याच्या कोंडीत कोणते जीव आहेत याची पाहणी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या साहाय्याने करून, तिच्या निष्कर्षांवर असा प्रस्ताव तयार होऊ शकतो. निष्कर्ष काय निघतील, हे आधीच ठरवून पाहणी करावी असे मात्र मी म्हणणार नाही.

दुसरा आधार भूजलाच्या कायद्याचा आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर खोदण्यावर १९९३ च्या राज्य कायद्यानेच निर्बंध घातले होते, आणि त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अमलात आला. उमाळा आणि त्याच्या खालचा प्रवाह यांना या तरतुदींचे संरक्षण कितपत देता येईल, याचा लेखी अभिप्राय समितीने संबंधित यंत्रणेकडून मागवावा. पर्यटनासाठी पाणी राखा, असे म्हटले तर ते चैनीचे वाटेल. पण ज्या पाण्यावर धबधबा उभा आहे, त्याच पाण्यावर खालच्या अंगाची शेती, गुरे आणि विहिरी आहेत, त्यामुळे येथे पर्यटक आणि शेतकरी यांच्या हिताचा वाद मुळातच नाही.

सिक्कीमचे उदाहरणही इथे नोंदवतो. तिथल्या शासनाने २००८ पासून ‘धारा विकास’ या नावाने झऱ्यांचे पुनर्भरण हाती घेतले: आधी प्रत्येक झऱ्याचे पाणी कुठे मुरते हे भूशास्त्राच्या साहाय्याने ठरवले, मग त्या उतारांवर चर आणि खड्डे खणले, आणि हे काम रोजगार हमीच्या निधीतून गावातल्याच माणसांकडून करून घेतले. तिथला डोंगर आणि आपला डोंगर यांत फरक आहे, म्हणून तिथली कृती इथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. आधी शोध आणि मग खोदकाम, हा त्यांचा क्रम मात्र उचलण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे बहुधा तो उलटा असतो.

आता पुलाविषयी आणि माणसांच्या जिवाविषयी. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण प्रवाहाबरोबर वाहून गेले. नापण्याचा पूल नवा आहे आणि त्याची तुलना त्या जीर्ण पुलाशी करणे अन्यायाचे होईल. पण कुंडमळ्याला धोक्याची सूचना देणारा फलक होता आणि तरीही माणसे पुलावर होती, ही गोष्ट नापण्यालाही विसरता येणार नाही. फलक वाचून माणूस थांबत नाही, माणसाने थांबवले तर थांबतो. म्हणून पुलावर एका वेळी किती जण असावेत हे ठरवून, ती संख्या मोजणारा आणि पुढच्यांना अडवण्याचा अधिकार असलेला माणूस दोन्ही टोकांना नेमला पाहिजे, निदान शनिवार-रविवार, गणपतीचे दिवस, दिवाळीची आणि मेची सुट्टी एवढ्या काळात तरी. आपल्या पावसात कोणत्याही गुळगुळीत पृष्ठभागावर शेवाळ धरते. काचेची घासपूस, कठड्याची आणि सांध्यांची तपासणी कोणी, किती दिवसांनी करायची आणि तिचा अहवाल कुठे लावायचा, हे ठरले असल्यास ते जागेवरच लोकांना वाचता येईल असे लिहावे.

कोंडीत उतरणाऱ्यांचा धोका याहून मोठा आहे. धबधब्याच्या पायथ्याशी पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्यामुळे तिथले पाणी माणसाला नेहमीसारखे उचलून धरत नाही आणि तरबेज पोहणाराही तिथे फसतो. वरून पडणारे पाणी तळाशी जाऊन मागे फिरते, ते माणसाला पुन्हा धारेखाली ओढते. पावसाळ्यात वरच्या डोंगरावर सर आली की खाली ऊन असतानाही प्रवाह एकाएकी वाढू शकतो. पाणी गढूळ होणे, त्यात पालापाचोळा येणे ही त्याची खूण गावातला गुराखी ओळखतो, पाहुणा ओळखत नाही. दर पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने तो अधिकार दिला आहे आणि आणीबाणीच्या दिवसांत तो वापरलाच पाहिजे. परंतु पूर्ण हंगामाची सरसकट बंदी पाळली जात नाही, ती पोलिसांवर ओझे टाकते आणि चहा-भजीची टपरी लावून चार पैसे मिळवणाऱ्या स्थानिकाचे पोट मारते. त्यापेक्षा गावातल्या आठ-दहा तरुण-तरुणींना जलसुरक्षेचे रीतसर प्रशिक्षण, शिट्टी, दोर, जीवरक्षक कडी आणि मानधन द्यावे. उमाळ्याच्या बाजूला पाणी वाढले की खाली निरोप पोहोचेल अशी व्यवस्था करावी. आणि पाणी ठरलेल्या खुणेच्या वर गेले की त्या दिवसापुरती वाट बंद करावी. ती खूण कातळावर रंगाने आखता येते.

त्या वाटेविषयीही एक विनवणी आहे. ती आणखी रुंद करू नये. गाड्या थेट पाण्याजवळ नेण्याचा आग्रह उद्या कोणीतरी धरेल, अपंगांची आणि वृद्धांची सोय म्हणून धरेल, आणि त्यात तथ्यही असेल; पण त्यांच्यासाठी सौम्य उताराची, कठडा असलेली, मध्ये बसायला जागा असलेली वाट हा उपाय आहे, डांबरी रस्ता हा नव्हे. या ठिकाणाचे अर्धे सौंदर्य त्या छोट्या चालण्यात आहे. झाडी तोडून सिमेंटचा चौथरा केला तर मेमध्ये तिथे गारवा उरणार नाही, आणि गारवा नसलेल्या धबधब्यावर माणसे कशाला येतील? स्वच्छतागृहे हवीत, विशेषतः स्त्रियांसाठी ती अत्यावश्यक आहेत, मात्र त्यांचे सांडपाणी वहाळात झिरपणार नाही एवढ्या अंतरावर आणि वरच्या वाहनतळाजवळच ती असावीत. कोंडीत साबण-शाम्पू लावून आंघोळ करणे आणि गाड्या वहाळात घालून धुणे यांवर ग्रामपंचायतीने दंड लावावा आणि तो वसूलही करावा.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत नाजूक वाटतो. धबधबा नापण्याचा म्हणून ओळखला जातो, पण पाणी नाधवड्यातून येते. वाहनतळ, प्रवेश, पूल, दुकानांची भाडी यांतून जे उत्पन्न मिळेल किंवा पुढे मिळू लागेल, ते सर्व खालच्या अंगाला राहिले आणि वरच्या गावाने मात्र झाडे तोडू नयेत, कूपनलिका मारू नयेत, जमीन विकू नये अशी अपेक्षा ठेवली, तर ती टिकणार नाही. उत्पन्नाचा ठरावीक वाटा उमाळ्याच्या आणि त्याच्या पुनर्भरण क्षेत्राच्या राखणीसाठी स्वतंत्र खात्यात जमा व्हावा आणि त्यावर दोन्ही गावांच्या ग्रामसभांचे नियंत्रण असावे. पुनर्भरण क्षेत्रात ज्यांची खासगी जमीन आहे, त्यांनी ती जंगल म्हणून राखली तर त्यांना वार्षिक मोबदला मिळावा. जमीन पडीक ठेवण्यासाठी पैसे कसले, असा आक्षेप येईल. तो घेणाऱ्यांनी दर उन्हाळ्यात टँकर आणि तात्पुरत्या योजनांवर होणाऱ्या खर्चाचे आकडे समोर ठेवूनच तो घ्यावा.

समितीच्या पुढील बैठकीत पर्यटनाच्या निधीचा विषय येईल तेव्हा नापण्यासाठी आणखी एखादी कमान, प्रकाशयोजना किंवा सेल्फीची जागा सुचवली जाण्याची शक्यता आहे. त्याआधी उमाळ्याच्या पुनर्भरण क्षेत्राचे सर्वेक्षण, प्रवाहाची दैनंदिन मोजणी आणि स्थानिक जीवरक्षकांचे मानधन या तीन बाबींना मंजुरी द्यावी, आणि मोजणीचा बांध येत्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे शेजारचे वहाळ आटू लागण्यापूर्वी, घालून घ्यावा, म्हणजे त्याच उन्हाळ्याचे आकडे मेअखेरीस समितीच्या टेबलावर असतील. मंजुरी नाकारायची झाल्यास तिची कारणे दोन्ही ग्रामपंचायतींना लेखी कळवावीत, ही विनंती.

आपला विश्वासू,
वैभववाडी तालुक्यातील एक रहिवासी